माळ, परमिट आणि मीटिंग

सोलापुरात कुणी दारू सोडली असं कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "माळ घातली का?" पंढरपूर जिल्ह्यातच असल्यावर दुसरं काय विचारणार! माळ घातली की दारू-मटण बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. ही माळ टिकते त्यात श्रद्धा आहेच, पण सोबतीचाही वाटा मोठा. संध्याकाळी भजनाला बसलं की प्यायची वेळ आपोआप टळते. घोळ होतो तो पाय घसरल्यावर. माळकरी पुन्हा प्याला तर त्याच भजनी मंडळाला तोंड दाखवायची त्याला लाज वाटते, आणि नेमकी गरज असते तेव्हाच सोबत सुटते.

दुसरा मार्ग कायद्याचा आणि आंदोलनाचा. गांधीजींना अटक झाल्यावर मे १९३० मध्ये सोलापुरात लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले, कारण त्यांच्या रसाची दारू होते. ८ मेला पोलिसांशी चकमक आणि गोळीबार झाला, शहर पेटलं, आणि पुढे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे सगळ्यांना पाठ आहेत. त्या आठवड्याची ठिणगी शिंदीच्या झाडांशी जोडलेली होती, हे मात्र कमी जणांच्या लक्षात असतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. साठच्या दशकात तो सैल झाला, तरी कागदोपत्री पिण्याचं परमिट आजही लागतं. हातभट्टी काही थांबली नाही. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं, त्यात छाप्यांबरोबर भट्टीवाल्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्यावरही भर होता. एवढं सगळं होऊनही हा मार्ग बाटलीपाशीच थांबतो. पिणाऱ्याच्या हाताची थरथर कायद्याला दिसत नाही.

तिसरा मार्ग आला तो फार लांबून. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. दारू सोडून काही महिनेच झालेले. व्यवहार फिसकटला, आणि हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे टेलिफोन. त्याने फोन उचलला, गावातल्या धर्मगुरूंना लावत सुटला: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्याला उपदेश करायचा नव्हता, स्वतःला वाचवायचं होतं. त्यातून गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनशी. पंधरा मिनिटं देतो म्हणालेला डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बसून राहिला. १० जून १९३५ हा त्याचा दारूचा शेवटचा दिवस, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापना दिवसही तोच मानतात. १९३९ मध्ये बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडणाऱ्याने चालायची वाट, छापून आल्या; १९५० मध्ये बारा परंपरा, म्हणजे समूहांनी पाळायची तत्त्वं, स्वीकारल्या गेल्या.

आपल्याकडे डिसेंबर १९५६ मध्ये गाडगेबाबा गेले. आयुष्यभर कीर्तनातून दारूवर कोरडे ओढणारा माणूस गेला आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, एए भारतात सुरू झालं. मुंबईत ते रुजलं. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, पेशंटला शिव्या द्यायच्या नसतात, हे मराठी घरांत पोचवण्यात मुक्तांगणचा वाटा फार मोठा.

एएची मुळं ख्रिस्ती वळणाच्या ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये आहेत. पण पायऱ्यांमधला ईश्वर 'ज्याला जसा समजला तसा', त्यामुळे कुणी सिद्धेश्वर धरतो, कुणी पांडुरंग, कुणी समोर बसलेली माणसं. माझ्या मते हे इथे टिकण्याचं निम्मं कारण हेच आहे.

मीटिंग दिसायला अगदी साधी. खुर्च्या, चहा, आणि एकेक जण उठून नाव सांगतो: "मी अमुक, मद्यपी." आडनाव विचारत नाहीत. मग शेअरिंग: काय प्यायचो, काय घालवलं, आता कसं चाललंय. मध्येच कुणी सल्ला देत नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. फी नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत. जन्मभराची शपथ नसते, 'फक्त आज' एवढंच. स्लिप झालेला, म्हणजे पुन्हा प्यालेला, परत आला तर त्यालाही खुर्ची असते. माळेत हीच सोय नव्हती.

जवळचा समूह शोधायचा तर एए इंडियाच्या हेल्पलाइनवर विचारावं, नाहीतर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हे नंबर मोफत आहेत. पहिल्यांदा जाताना खुली सभा कधी आहे ते विचारा, तिथे घरच्यांनाही बसता येतं. बंद सभा फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करण्याआधी डॉक्टरला दाखवावं, फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. तिथे मीटिंग उपयोगाची नाही, दवाखानाच हवा.

घरच्यांसाठी वेगळी सभाही असते: अल-अ‍ॅनॉन. १९५१ मध्ये ती सुरू करणाऱ्यांत बिल विल्सनची बायको लोइस होती. दिवसभर विड्या वळून संसार ओढणाऱ्या बाईला तिथे जायला नवऱ्याने आधी दारू सोडायची वाट बघावी लागत नाही.