केस-कंट्रोल आणि रेट्रोस्पेक्टिव्ह कोहॉर्ट यांतला खरा फरक

'जुन्या नोंदींवरून माहिती घेतली, म्हणून हा केस-कंट्रोल अभ्यास' हे विधान सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रबंधांत वारंवार आढळते, आणि ते साफ चुकीचे आहे. केस-कंट्रोलमध्ये आजार असलेले (केसेस) आणि तो नसलेले (कंट्रोल) लोक घेऊन त्यांचा पूर्वेतिहास तपासतात. कोहॉर्ट अभ्यास, म्हणजे धूम्रपानासारख्या एखाद्या घटकाशी संबंध आलेल्या आणि न आलेल्या लोकांत पुढे आजार किती होतो हे पाहणे, बहुतेकांना नीट ठाऊक असतो. संशोधक डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाची माहिती घेऊन पुढे त्यांच्या मृत्यूंचा मागोवा घेतला, तो याच प्रकारचा. गोंधळ होतो तो घटना आधीच घडून गेलेल्या असतात, म्हणजे अभ्यास रेट्रोस्पेक्टिव्ह असतो, तेव्हा.

अशा वेळी प्रश्न एकच विचारावा: माणसे कशाच्या आधारावर निवडली? कारखान्याच्या जुन्या हजेरीपटावरून धुळीत काम केलेले आणि न केलेले कामगार वेगळे काढून नंतर कोणाला आजार झाला हे शोधले, तर सगळे भूतकाळातले असूनही तो कोहॉर्टच ठरतो. याउलट डॉल आणि हिल यांच्याच १९५० च्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तितकेच इतर रुग्ण घेऊन त्यांना धूम्रपानाविषयी विचारले होते. निवड आजारावरून झाली, म्हणून तो केस-कंट्रोल.

या निवडीवर पुढचे सारे गणित अवलंबून असते. समजा, १०० केसेसपैकी ६० आणि १०० कंट्रोलपैकी ३० जण धूम्रपान करणारे आहेत. धूम्रपान करणाऱ्यांमधली 'जोखीम' ९० पैकी ६०, म्हणजे ६७ टक्के, असे कोणी लिहिले, तर त्याच प्रमाणात ४०० कंट्रोल घेऊन पाहावे: धूम्रपान करणारे कंट्रोल १२० होतात आणि तीच 'जोखीम' १८० पैकी ६०, म्हणजे ३३ टक्क्यांवर येते. आजाराचे वास्तव तेच असताना आकडा बदलला, कारण कंट्रोल किती घ्यायचे हे संशोधकाने ठरवले. ऑड्स रेशो (केसेसमधले धूम्रपान करणारे आणि न करणारे यांचे गुणोत्तर भागिले कंट्रोलमधले तेच गुणोत्तर) मात्र दोन्ही वेळा ३.५ च राहतो, म्हणून निवडीचे प्रमाण ठाऊक नसलेल्या केस-कंट्रोल अभ्यासात तोच मांडावा.

खर्च, वेळ, दुर्मीळ आजारांसाठीची सोय हे फरक कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. माझा आग्रह एवढाच, की प्रबंधाच्या शीर्षकात नुसते 'रेट्रोस्पेक्टिव्ह अभ्यास' असे कधीही लिहू नये, कारण त्यातून आराखड्याविषयी काहीच कळत नाही. आणि आराखडा खरोखर केस-कंट्रोल असेल, तर सोयीने सापडेल तो रुग्ण कंट्रोल म्हणून उचलू नये. आजार झाला असता तर जो आपल्या केसेसमध्ये नोंदला गेला असता, अशीच व्यक्ती निवडावी.