बेकारी भत्त्यातील फसवणूक : खटले व वसुली (अमेरिका)

खोटी माहिती देऊन किंवा दुसऱ्याच्या नावावर बेकारी भत्ता उचलणाऱ्यांवर खटला भरण्यासाठी आणि ती रक्कम परत मिळवण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असलेल्या संघीय व राज्य तरतुदी. त्यांची एकत्र संहिता नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानुसार बेकारी विमा योजना राज्ये चालवतात (विस्कॉन्सिनचा कायदा त्याआधीचा, १९३२ चा). त्यामुळे फसवणुकीची व्याख्या व शिक्षा राज्यागणिक बदलतात. संघीय खटले बहुधा तारयंत्रणा (फोन, इंटरनेट इत्यादी) किंवा टपालाद्वारे केलेली फसवणूक आणि ओळखचोरी या सर्वसाधारण कलमांखाली चालतात.

वसुलीचा नेहमीचा मार्ग म्हणजे पुढील भत्त्यातून वजावट. २००८ पासून अशी थकबाकी संघीय प्राप्तिकराच्या परताव्यातून वळती करण्याची मुभा राज्यांना मिळाली. २०११ च्या कायद्याने फसवणुकीच्या रकमेवर किमान १५ टक्के दंड सक्तीचा केला.

करोनाकाळात प्रश्नाचे स्वरूप पालटले. २७ मार्च २०२० च्या ‘केअर्स’ कायद्याने स्वयंरोजगारितांनाही भत्ता लागू केला आणि पात्रतेसाठी अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापन पुरेसे मानले. कागदपत्रांची व ओळखपडताळणीची सक्ती डिसेंबर २०२० च्या कायद्याने आली. नुकसानीच्या आकड्यांबाबत मतभेद आहेत. कामगार खात्याच्या महानिरीक्षकांनी सांगितलेले किमान १९१ अब्ज डॉलर ‘अयोग्य प्रदाना’चे आहेत, त्यात निव्वळ चुकाही मोडतात, म्हणून तो आकडा फसवणुकीचा म्हणून देणे बरोबर नाही. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केवळ फसवणुकीचा अंदाज १०० ते १३५ अब्ज डॉलर दिला. तो फुगलेला असावा, असा कामगार खात्याचा आक्षेप आहे. तरी फसवणूक वेगळी काढणारा अंदाज म्हणून तोच अधिक उपयोगी ठरतो.

वादाचा गाभा खटला भरण्याच्या मुदतीचा आहे. संघीय गुन्ह्यांना सामान्यतः पाच वर्षांची मुदत असते. करोनाकाळातील लघुउद्योग कर्जांतील फसवणुकीसाठी ती ऑगस्ट २०२२ मध्ये दहा वर्षे झाली. बेकारी भत्त्यातील फसवणुकीसाठी मात्र ती पाच वर्षेच राहिली. ११ मे २०२३ रोजी प्रतिनिधिगृहाने २३० विरुद्ध २०० मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात मुदतवाढीबरोबर वसुलीचा २५ टक्के हिस्सा राज्यांना ठेवू देण्याची तरतूद होती. सेनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. ११ मार्च २०२५ रोजी प्रतिनिधिगृहात संमत झालेले विधेयक मुख्यतः मुदतवाढीपुरते होते. ‘केअर्स’ कायद्याला पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, म्हणजे २७ मार्च २०२५ पूर्वी, त्यालाही सेनेटची मंजुरी मिळाली नाही. मात्र त्या दिवशी सर्वच प्रकरणे बाद झाली, हा समज चुकीचा आहे. मुदत प्रत्येक गुन्ह्याच्या तारखेपासून मोजली जाते आणि करोनाकाळातील योजना ६ सप्टेंबर २०२१ पर्यंत चालू होत्या. उलट, एकदा संपलेली मुदत नव्या कायद्याने जिवंत करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे (स्टॉग्नर विरुद्ध कॅलिफोर्निया, २००३). मुदतवाढीला जितका उशीर होतो, तितकी तिच्या कक्षेत येणारी प्रकरणे घटतात.

कडक वसुलीची दुसरी बाजू मिशिगनमध्ये दिसली. तेथील संगणकप्रणालीने २०१३ ते २०१५ दरम्यान सुमारे ४०,००० जणांना चुकीने लबाड ठरवले. दंड रकमेच्या चौपट होता. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पीडितांचा भरपाईचा हक्क मान्य केला, व त्याच वर्षी २ कोटी डॉलरवर तडजोड झाली.