गाडीच्या चेसिसला गंजापासून वाचवणाऱ्या लेपांची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की नागपुरात वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यातील गॅरेजांपुढे चेसिसच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याच्या, कामासाठी गाड्या लागू लागतात. कोणी खालून जळके ऑइल फवारून घेतो, कोणी रेड ऑक्साइडचा हात मारून त्यावर काळा रंग देतो, तर कोणी डांबरी अंडरकोटिंगचा जाड थर देऊन पुढची चार-पाच वर्षे निश्चिंत झालो असे मानतो. अशाच एका जुन्या जीपच्या चेसिसवरचे अंडरकोटिंग एका मिस्त्रींनी माझ्यासमोर पेचकसाने उचकटले. वरून ते अखंड आणि काळेभोर दिसत होते. पण खालचे लोखंड पापडासारखे थराथराने सुटून हातात आले, आणि पाऊस उघडून तीन आठवडे झाले असूनही ते थर आतून ओले होते. लेप जाड होता. मात्र त्याने पाणी बाहेर रोखण्याऐवजी आत कोंडून ठेवले होते. गंजरोधक लेपांचा इतिहास हा थर जाड होत गेल्याचा इतिहास नाही. लेप आणि लोखंड जिथे एकमेकांना भिडतात त्या जागेकडे माणसाचे लक्ष हळूहळू वळत गेल्याचा तो इतिहास आहे, असे मला वाटते.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो, आणि मीठ किंवा आम्लधर्मी धूळ असेल तर त्याचा वेग वाढतो. समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरात खारी हवा नाही, पण इथे दुसऱ्या अडचणी आहेत. काळी माती पाणी धरून ठेवते आणि चेसिसच्या कानाकोपऱ्यांत चिकटून बसते. कोळसा आणि राख वाहणाऱ्या गाड्यांच्या सांध्यांत ओली भुकटी साचते. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि लोखंड फुगते, डांबरी थर आधी मऊ पडतो आणि वर्षागणिक कडक होऊन तडकतो. जूनच्या पहिल्या सरींना ती फट पुरेशी असते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे आत धरलेला गंजच लेपाला उचलतो, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये धरला तर रिव्हेटही ताणून सैल करतो.

लोखंडाशी या भागाची ओळख फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात महापाषाणयुगीन लोहभट्टी सापडली आहे. तरीही त्या काळातील बहुतेक लोखंड मातीत गंजून गेले, आणि म्हणूनच सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभा असलेला दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ अभ्यासकांना खुणावत राहिला. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की, त्या लोखंडातील फॉस्फरसच्या जास्त प्रमाणामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. तिथे संरक्षण वरून लावलेले नाही, ते धातूच्याच अंगातून आले आहे.

एकोणिसाव्या शतकातील पूल, आगगाड्या आणि यंत्रे यांची मुख्य भिस्त शेंदूर आणि जवसाच्या तेलावर होती. मारुतीच्या मूर्तीला आपण लावतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइडच, आणि जवस तर विदर्भाचे घरचे पीक. शिसे आणि तेलातील आम्ले यांच्या संयोगातून जे क्षार बनतात ते लोखंडावरच गंजाची क्रिया मंद करतात. शिसे विषारी असल्यामुळे हा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला लेप, पुढे मागे पडला आणि त्याची जागा रेड ऑक्साइडने घेतली. तांबूस रंग तेवढा तसाच राहिला, गुण मात्र गेला, कारण साधे रेड ऑक्साइड हे लोहाचेच ऑक्साइड असून ते आडोशापलीकडे फारसे काही करत नाही. त्यात झिंक फॉस्फेट मिसळलेले असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा प्रवाह जस्ताचा. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त किंवा लोखंड जोडले, तर तांब्याऐवजी तेच झिजते, हे दाखवले. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. अशा लोखंडावर ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि उघडे लोखंड वाचते. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याचे पेटंट घेतले, आणि लोहस्तंभावर आपोआप घडलेली गोष्ट कारखान्यात घडवता येऊ लागली. फॉस्फेटच्या बारीक स्फटिकांमध्ये रंग रुतून बसतो, त्यामुळे ओरखड्यातून शिरलेला गंज रंगाखाली सहजासहजी पसरत नाही.

चेसिसच्या बाबतीत खरा पेच गाडीच्या रचनेने निर्माण केला. ट्रक आणि जीप यांची शिडीसारखी चेसिस बॉडीपासून वेगळी असते आणि ट्रकची सी-आकाराची पट्टी तर उघडीच असते. हातोडी फिरवली की निकोप लोखंड टणकन वाजते आणि सडलेले बद्द आवाज देते. १९२२ च्या लान्सिया लॅम्डाने आणि १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्सिओं आव्हांने बॉडीलाच चेसिस बनवले. त्यानंतर भार पेलणारे भाग पोकळ पेट्यांच्या आत गेले, जिथे ब्रशही पोहोचत नाही आणि नजरही नाही. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पडू लागले तेव्हा गाड्या आतून सडू लागल्या. यावर १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांच्या पुढाकाराने उपाय निघाला. संपूर्ण बॉडी रंगाच्या हौदात बुडवून वीजप्रवाह सोडायचा, म्हणजे एक जागा झाकली गेली की रंग आपोआप अजून उघड्या राहिलेल्या जागेकडे ओढला जातो. सुरुवातीला बॉडी धन ध्रुवाला जोडत आणि त्यात थोडे लोखंड विरघळत असे. १९७० च्या दशकात ती ऋण ध्रुवाला जोडली जाऊ लागली आणि टिकाऊपणात मोठी भर पडली. हा थर साधारण २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डांबरी थराच्या तुलनेत अगदीच पातळ असतो.

कारखान्याबाहेर हौद नसतो, म्हणून जुन्या गाडीला इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन या कृत्रिम राळेच्या रंगांचाच आधार उरतो. इपॉक्सी धातूला घट्ट धरते, पण उन्हात खडूसारखी भुकटते, म्हणून उघड्या भागावर तिच्यावर पॉलियुरेथेनचा हात लागतो. पॉलियुरेथेनचाच एक प्रकार हवेतील बाष्प शोषून कडक होतो. जुलैच्या दमट हवेत त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठून थर सच्छिद्र होतो, आणि उघडलेला डबा लवकर आळतो. याउलट मे महिन्याच्या दुपारी चेसिसला हात लावता येत नाही इतकी ती तापलेली असते, आणि रंग सपाट पसरण्याआधीच त्यातले थिनर उडून जाते. दोन्ही लेपांखाली सुटा गंज, माती किंवा जळक्या ऑइलचा तवंग राहिला तर पकड बसत नाही. जिथे पोहोचता येते तिथे सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाने वाळूचा मारा, आणि नाही तिथे तारेचा ब्रश, एवढ्या तयारीतच कामाचा बहुतेक वेळ जातो. म्हणून हे काम जूनच्या घाईत न करता दिवाळीनंतर काढावे, असे मी सुचवेन. तेव्हा हवा कोरडी असते, दुपारी पुरेशी ऊब असते आणि पावसाळ्यात भिजलेले सांधे वाळलेले असतात. त्या जीपच्या मिस्त्रींनीही नवा लेप देण्याआधी पोकळ पट्टीच्या तळाशी मातीने बुजलेली दोन भोके तारेने मोकळी केली, आणि त्यातून चहाच्या रंगाचे पाणी बराच वेळ ठिबकत राहिले.