गरवताना हलत नाही, मग अभ्यासाला का?

"गरवूक बसलो की दोन तास हलणा नाय, मगे पुस्तकाक काय काटे असत?" मालवणच्या धक्क्यावर एक वडील नऊ वर्षांच्या मुलावर वैतागून बोलत होते. गरवणं म्हणजे गरीने मासे पकडणं. प्रश्न रास्त आहे, आणि एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चुळबूळ, उतावळेपणा आवरणं अवघड जाणाऱ्या मेंदूच्या अवस्थेचं, मर्मही त्यातच आहे.

या मुलांना लक्ष असतं, पण हवं तिथे धरून ठेवता येत नाही. गरी पाण्यात पडली की दोरीला केव्हाही हिसका बसतो, कष्टाचं फळ लगेच हातात. पाढ्यांचं फळ मात्र वर्षअखेरच्या निकालात. मनाला आवर घालणारा कपाळामागचा मेंदू डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांवर चालतो, आणि एडीएचडीत तिथलाच ताळमेळ वेगळा असतो. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या स्कॅनच्या अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूचा बाह्यस्तर सरासरी 3 वर्षं उशिरा परिपक्व होताना दिसला.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के निघतो. अपुऱ्या दिवसांच्या जन्मानेही धोका वाढतो. देवळात गाऱ्हाणं जरूर घाला, पण "आईने लाडावून ठेवलाय" हा बोल त्या बाईला लावू नका. तो साफ खोटा आहे.

निदानाला रक्ततपासणी नाही. लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली, घरी आणि शाळेतही दिसणारी हवीत. आधी कान, डोळे, झोप तपासतात. खिडकीतून पाऊस बघत बसलेली मुलगी दंगा करत नाही, म्हणून ती 'वेंधळी' ठरते आणि निदानाविना राहते. याचं मला फार वाईट वाटतं.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण. पुढे गरजेप्रमाणे मिथाइलफेनिडेट हे औषध. त्याने मूल गुंगीत जातं ही भीती उगाच आहे, ते उत्तेजक औषध आहे. भूक आणि झोप मात्र कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची, रक्तदाब पाहत राहतात. घरी दहाऐवजी तीनच गणितं द्या आणि झाल्या झाल्या शाबासकी द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरूनही लावता येतो. डॉक्टरांकडे जाताना वर्गशिक्षकांची चिठ्ठी आणि मुलाच्या जुन्या वह्या बरोबर न्या.