मीठ पानापर्यंत पोचू न देणारी जनुकं

खारवट मातीत टोमॅटोचं रोप माना टाकतं, तेव्हा वाफा ओलाच असतो. मिठामुळे ते पाणी मुळांना ओढता येत नाही, हा पहिला मार. दुसरा काही दिवसांनी दिसतो: खालची जुनी पानं कडेनं करपू लागतात. त्या पानांत मिठातला सोडियम साचलेला असतो. पेशीतली कित्येक एन्झाइम पोटॅशियमवर चालतात आणि सोडियम नेमकी त्याचीच जागा अडवतो.

भाज्यांची सोसण्याची ताकद सारखी नसते. खारेपणा मोजतात तो पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रवाच्या (संपृक्त अर्काच्या) विद्युत वाहकतेनं, म्हणजे ईसीनं: मीठ जास्त तितकी ईसी जास्त. ही ईसी घेवडा आणि गाजर साधारण १ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत सोसतात, कांदा १.२, टोमॅटो २.५, बीट ४ पर्यंत. त्यापुढे ईसी एकेकानं वाढली की टोमॅटोचं उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटतं, घेवड्याचं १९ टक्क्यांनी.

हा फरक एका जनुकाचा नाही. 'एसओएस१' मुळांच्या पेशीतून सोडियम बाहेर फेकतं. 'एनएचएक्स' उरलेला सोडियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडतं. 'एचकेटी१' गटातली जनुकं मुळाकडून वर निघालेल्या रसातून सोडियम खेचून घेतात, म्हणजे तो पानापर्यंत कमी पोचतो. माझ्या मते पैदासकारानं टोमॅटोत आधी या तिसऱ्या कामाकडे बघावं, कारण करपतात ती पानंच. टोमॅटोच्या सातव्या गुणसूत्रावर ही जनुकं आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 'एचएके२०' हे सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारं आणखी एक जनुक पुढे आलं: रानटी टोमॅटोतली त्याची सरस रूपं लागवडीखालच्या वाणांत मागे पडली. मोठ्या फळासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होताना खारेपणाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

गालापागोस बेटांवरचा रानटी टोमॅटो मात्र वेगळ्या वाटेनं जातो. तो पानात सोडियम साठवूनही तगतो. म्हणून पानात सोडियम जास्त दिसला एवढ्यावरून रोप बाद करू नये, वाढही मोजावी.

वाण पारखताना बहुतेकांची चूक होते ती मीठ देण्यात. १०० मिलिमोलर म्हणजे लिटरला ५.८ ग्रॅम मीठ. हे एकदम दिलं तर रोप धक्क्यानंच कोलमडतं आणि सोडियमची परीक्षा होतच नाही. रोपाला चार-पाच पानं आली की रोज लिटरला दीड ग्रॅम याप्रमाणे चार दिवसांत मात्रा चढवावी. पोषणद्रावणात कॅल्शियम पुरेसं हवं. ते कमी पडलं की मुळांना सोडियम अडवता येत नाही आणि चांगला वाणही हरतो. दर वेळी दिलेल्या पाण्याचा पाचवा हिस्सा तरी कुंडीखालून निथळू द्यावा आणि त्या निचऱ्याची ईसी मोजावी, नाहीतर बाष्पीभवनानं कुंडीतलं मीठ रोज वाढत जातं. तीन आठवड्यांनी प्रत्येक रोपाचं सारख्याच क्रमांकाचं पान घेऊन सोडियम आणि पोटॅशियमचं गुणोत्तर काढावं. बिनमिठाची रोपं शेजारी हवीतच. उगवणीच्या वेळची सहनशीलता वेगळ्या जनुकांवर ठरते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात बी चांगलं उगवलं म्हणून पुढे झाड टिकेलच असं नाही.

नवा वाण तयार व्हायला वर्षं जातात. तोवर सोडियम मुळांमध्येच अडवणाऱ्या खुंटावर (कलमाला मुळं पुरवणाऱ्या रोपावर) आवडत्या वाणाचं कलम बांधता येतं: फळ त्याच वाणाचं, पण सोडियम अडवण्याचं काम खुंटाच्या जनुकांकडे.