ओल कुठून येते हे भिंतीलाच विचारा

दिवाळीच्या तोंडावर रंगारी येतो, पोपडे खरवडतो, वर महागडा ‘वॉटरप्रूफ’ रंग देतो आणि पुढच्या आषाढात त्याच जागी भिंत पुन्हा फुगते. यात रंगाचा दोष क्वचितच असतो. पाणी मागून भिंतीत शिरलेले असते. बाहेर पडायची वाट बुजली की ते रंगाचा थरच उचलते.

म्हणून आधी डाग नीट बघावा. जमिनीपासून दोन-तीन फूट चढलेला आणि वरच्या कडेला पांढरी भुकटी असलेला डाग म्हणजे जमिनीतली ओल. छताजवळ किंवा खिडकीच्या कोपऱ्यात, मोठी सर पडून गेल्यावर गडद होणारा डाग गळतीचा. कपाटामागचे काळे ठिपके बहुधा हवेतल्या बाष्पामुळे आलेली बुरशी. शंका उरली तर फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करा आणि ४८ तासांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूने असतील तर खोलीतल्या हवेतून.

कोकणातल्या जांभ्याच्या घरांना पहिला प्रकार जास्त छळतो. जांभा सच्छिद्र, त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढते. सोबत जमिनीतले क्षार येतात. पाणी वाळते, क्षार पृष्ठभागाशी स्फटिक होऊन फुगतात आणि गिलावा आतून फोडतात. हाच लोणा. तो पाण्याने धुऊ नये. क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडून भुकटी घराबाहेर टाकावी. मग डागाच्या रेषेपेक्षा फूटभर वरपर्यंत गिलावा काढून भिंत उघडी सुकू द्यावी. नवा गिलावा चुन्याचा असला तर भिंत श्वास घेते. घट्ट सिमेंटचा थर किंवा टाइल लावली की पाणी थांबत नाही, आणखी वर चढून टाइलच्या डोक्यावर उगवते.

पण गिलावा हा नंतरचा उपाय. बाहेर जोत्याला टेकलेली माती, फुलझाडांचे वाफे, नंतर उंच केलेले अंगण आधी हटवावे. जोत्यावर काँक्रीटचा ओलप्रतिबंधक थर (डीपीसी) असेल तर बाहेरची जमीन त्याच्या किमान १५ सेंटिमीटर खाली हवी आणि तिचा उतार घरापासून दूर. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडून उसळत असेल तर तिथे पन्हळ लावलीच पाहिजे. जुन्या घरांच्या रुंद पडव्या हेच काम करत.

गळतीत छज्जा हमखास विसरला जातो. पाणी त्याच्या कडेवरून सरळ खाली पडत नाही. पृष्ठभागाला चिकटून खालच्या अंगाने भिंतीपर्यंत सरकते. कडेजवळ, खालच्या बाजूला बोटभर रुंदीची सलग खाच असली की ते तिथेच तुटून गळते. गच्चीला १०० सेंटिमीटरमागे निदान १ सेंटिमीटर उतार हवा, आणि गच्ची व कठडा जुळतात त्या सांध्यात सिमेंटचा गोलसर भराव, म्हणजे गवंड्यांच्या भाषेत ‘वाटा’. तिथे चीर पडली तर पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून खालचे काँक्रीट खपल्यांनी सुटते. अशा ठिकाणी नुसता गिलावा मारणे धोक्याचे. सळीवरचा गंज काढायलाच हवा.

तिसरा प्रकार हिशेबाचा. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर दव धरते. शेजारच्या खोलीत एसी २२ वर चालत असेल तर सामाईक भिंतीची अलीकडची बाजू तेवढी थंड होऊ शकते. एसी २६-२७ वर ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि घरात कपडे वाळत घालायचे असतील तर ती खोली बंद करून एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा.

राहिला रंग. जमिनीतून ओललेली जाड भिंत दिवाळीपर्यंत सुकत नाही. प्लास्टिकची तीच चाचणी मार्चमध्ये पुन्हा करावी आणि ते दोन्ही अंगांनी कोरडे निघाले तरच रंगाऱ्याला बोलवावे.