मुरुम-संशोधनातील प्राणिप्रारूपे

मुरुमांची, म्हणजेच तारुण्यपिटिकांची, कारणे शोधण्यासाठी व त्यांवरील औषधे पारखण्यासाठी वापरले जाणारे प्रयोगप्राणी आणि त्यांच्यावरील प्रयोगपद्धती. माणसाला तारुण्यात होणारा हा विकार जसाच्या तसा कोणत्याही प्रयोगप्राण्यात होत नाही. तैलग्रंथींचा अतिस्राव, केशपुटकात (केस ज्यातून उगवतो त्या त्वचेतील पिशवीत) केराटिन या शृंगी प्रथिनाचे बूच बसणे, जंतूंची वाढ आणि दाह या चार अंगांपैकी एखाददुसरेच अंग प्रत्येक प्रारूपात अभ्यासता येते.

सर्वांत जुने व सर्वाधिक वादग्रस्त प्रारूप सशाच्या कानाचे. त्याचा आरंभ सामान्यतः १९४१ च्या सुमारास, क्लोरिनयुक्त रसायनांमुळे कारखान्यांतील कामगारांना होणाऱ्या पुरळांच्या अभ्यासात झाला, असे मानतात. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी त्याला रूढ केले ते मात्र अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ ॲल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी. एका कानाच्या आतील बाजूस पदार्थ सुमारे दोन आठवडे लावतात, दुसरा कान तुलनेसाठी तसाच ठेवतात आणि नंतर त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पुटकाच्या तोंडाशी शृंगी थर किती साचला ते पाहतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास मुळातच मोठी असलेली रंध्रे दोषी ठरण्याचा धोका राहतो, म्हणून १९७९ मध्ये क्लिगमन व क्वाँग यांनी सुधारित पद्धत मांडली. मिल्स व क्लिगमन यांनी १९८२ मध्ये माणसांच्या पाठीवर तुलना केली तेव्हा सशात तीव्र परिणाम दाखवणारे पदार्थच माणसातही तसे ठरले. सौम्य पदार्थांचा मेळ बसला नाही. सशाने निर्दोष ठरवलेला पदार्थ माणसासही बहुधा निर्धोक असतो, उलट निष्कर्ष मात्र तितका भरवशाचा नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हे प्रारूप खानदेशच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे, कारण कापसाच्या या पट्ट्यात ओळखीचे असलेले सरकीचे तेल याच चाचणीत मध्यम प्रतीचे रंध्ररोधक ठरले आहे व खोबरेल त्याहून वरच्या श्रेणीत आहे. मात्र या श्रेणी सशाच्या कानाच्या आहेत; केसांना तेल लावणाऱ्या किंवा ते जेवणात वापरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला त्या थेट लागू करणे योग्य नाही.

राइनो उंदरात जनुकीय दोषामुळे केस गळून पुटके फुगतात व रेटिनॉइडांचा (अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषधांचा) परिणाम पाहता येतो. सिरियन हॅमस्टरच्या कुशीवरील ग्रंथी पुरुषसंप्रेरकांस प्रतिसाद देतात. मेक्सिकोच्या बिनकेसाळ कुत्र्यात रंध्रे आपोआप बंद होतात. उंदराच्या कानात क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नीस हा मुरुमांशी निगडित जंतू टोचून दाह निर्माण करतात, पण उंदराचा त्वचास्राव मानवी स्रावाहून वेगळा असल्याने हा दाह मुरुमासारखा टिकत नाही.

भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर बंदी आहे. औषधसंशोधनास ती लागू नाही. त्यामुळे शिरपूर, चोपडा, फैजपूर येथील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत कडुनिंब वा हळदीच्या लेपाची अशी पारख औषध म्हणून करायची झाल्यास आधी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मान्यता घ्यावी लागते.